कोतवाल, घोडा आणि माझा भाचा

इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाकडे गावातून ठरावीक कामं येतात. विम्याच्या कागदावरचं बारीक अक्षर लावून द्यायचं, पासपोर्टच्या फॉर्मवर कोणाच्या तरी वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तपासायचं, लग्नपत्रिकेत 'विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स' कुठं घालायचं ते सांगायचं. शिवीचं वजन करून द्यायचं काम मात्र माझ्याकडे पहिल्यांदाच आलं, तेही गेल्या फेब्रुवारीत, बारावीच्या परीक्षेच्या धामधुमीत.

शिवी खाणारा माझा सख्खा भाचा. रावेर तालुक्यातला, कृषी पदवीधर, घरची केळी. ऑस्ट्रेलियानं २०२४ पासून भारतीय तरुणांसाठी हिंडता-फिरता काम करायचा एक व्हिसा सुरू केला आहे. वर्षभर राहता येतं, वयाची अट १८ ते ३०, जागा वर्षाला १,०००, आणि अर्ज एवढे की नावं चक्क सोडतीनं काढतात. याचं नाव निघालं. पेढे वाटून झाले, आणि मग कळलं की पोरगा जातोय तो क्वीन्सलंडमधल्या टली नावाच्या गावाला, केळीच्या बागेत. आक्का म्हणाली, "केळीच कापायच्या होत्या तं रावेरात काय कमी होत्या?"

टली आणि इनिसफेल हा पट्टा म्हणजे त्यांचा रावेर-यावल. ऑस्ट्रेलियात खाल्ली जाणारी बहुतेक केळी याच भागातून जातात. फरक पाण्याचा. आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला की शेतकरी समाधानानं मान हलवतो. टलीत १९५० साली ७,९०० मिलिमीटर पडला, आणि त्याची आठवण म्हणून गावानं ७.९ मीटर उंचीचा सोनेरी गमबूट उभारून ठेवला आहे. भाच्यानं पहिल्याच आठवड्यात त्या बुटाखाली उभं राहून फोटो पाठवला होता. तेव्हा सगळे हसले. पुढं सगळं प्रकरण बुटावरूनच होणार आहे हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्या दिवशी माझी पर्यवेक्षणाची ड्यूटी होती. मोबाइल कार्यालयात जमा. दोन वाजता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे देऊन फोन परत घेतला तर आक्काचे न उचललेले कॉल ओळीनं पडलेले, आणि वर भाच्याचा आवाजी निरोप. मागं पत्र्यावर पावसाचा धिंगाणा, त्यातून त्याचा आवाज: "मामा, सुपरवायझरनं आज मले सगळ्यांसमोर 'ड्रंक, गो' म्हटलं. मी तं चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. कामावरून काढलं का काय ते समजून नाही राह्यलं."

हाच निरोप त्यानं चुलतभावालाही पाठवला होता. चुलतभावाकडून तो काकूकडे, काकूकडून आक्काकडे गेला, आणि तिथवर पोचेपर्यंत मजकूर असा झाला: पोऱ्या दारू पेऊन कामावर गेला, त्याले काढून दिलं. घर माळकरी. मुक्ताईनगरची वारी चुकवली तर घरात बोलणी बसतात. दाजी ओसरीत खुर्ची टाकून बसले होते आणि कोणाशीच बोलत नव्हते. आक्का मला दारातच म्हणाली, "नाना, खरं सांग. पेला का तो?"

मी म्हटलं, आधी शब्द तर कळू दे.

शब्दाच्या मागं लागण्याआधी मी प्रसंग विचारून घेतला. कविता शिकवतानाही मी हेच करतो: कोण बोलतंय, कोणाला, कुठं, कशावरून. पोरांना त्याचा कंटाळा येतो. भाच्यालाही आला, पण त्यानं सांगितलं.

टलीच्या भागात २०१५च्या मार्चमध्ये पनामा रोगाचा एक नवा प्रकार सापडला, टीआर-४ नावाचा. ही बुरशी मातीतून पसरते, मुळातून शिरते, झाड आतून सुकवते. औषध नाही. एकदा जमिनीत आली की कित्येक दशकं तिथंच मुक्काम. आणि जगात विकल्या जाणाऱ्या केळीत ज्या कॅव्हेंडिश गटाचा सुळसुळाट आहे, ज्यात आपली ग्रँड नैनही येते, त्या गटाला ती सोडत नाही. म्हणून तिथं बागेच्या फाटकापाशी एक रेघ मारलेली असते. रेघेच्या अलीकडे बाहेरचे बूट, पलीकडे बागेचे. मध्ये पाय बुडवायचं कुंड. आधी ब्रशनं बुटाचा चिखल खरवडायचा, मग जंतुनाशकात पाय. चिखल तसाच ठेवून बुडवलं तर औषध बुरशीपर्यंत पोचतच नाही. ट्रॅक्टरची चाकंसुद्धा धुऊनच आत.

भाचा त्या दिवशी पावसातून धावत आला, हातात कोणाचा तरी रेनकोट, आणि रेघ ओलांडून सरळ आत. बाहेरच्याच बुटांनी. सुपरवायझर, साठीतला माणूस, लांबून ओरडला आणि याच्या शर्टाची बाही धरून त्यानं याला मागं ओढला.

"मग?"

"मग ब्रश दिला हातात."

"आणि 'गो'? घरी पाठवलं का?"

"नाही. घड वाहिले ना दिवसभर. जाताना त्याच्याच गाडीत बसून आलो."

तिथं एक जण घड कापतो आणि दुसरा तो खांद्यावर झेलून ट्रॉलीपर्यंत नेतो. पन्नास किलोच्या वर जाणारा घड. दारू प्यायलेल्या माणसाच्या खांद्यावर तो कोणी देणार नाही, आणि 'चालता हो' म्हटलेल्या माणसाला कोणी संध्याकाळी स्वतःच्या गाडीत घालून आणणार नाही. आक्काला एवढं सांगितल्यावर तिनं चहा ठेवला. दाजी मात्र अजून खुर्चीतच.

आता आवाज. भाच्याला 'ड्रंक, गो' ऐकू आलं, कारण हे दोन्ही शब्द त्याला येत होते. कानाला अनोळखी काही आलं की डोकं ते ओळखीच्या शब्दांत बसवून मोकळं होतं. मी त्याला म्हटलं, इंग्रजीत लिहूच नको. जे ऐकलं ते देवनागरीत लिही, अर्थ लागो न लागो. वर्गात मी हे नेहमी करून घेतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये मूल अंदाज मारतं, देवनागरीत त्याला उच्चार लिहावाच लागतो. थोड्या वेळानं त्याचा मेसेज आला: "ओय, या ड्राँगो."

आक्कानं माझ्या खांद्यावरून वाचलं. "'या' म्हनते तं बोलावूनच राह्यला ना तो!"

तो 'या' म्हणजे 'यू'. ऑस्ट्रेलियन तोंडात घाईत 'यू'चा 'या' होतो. म्हणजे दोन शब्द नव्हतेच. एकच शब्द, आणि तो नाम. 'अरे ए अमुक' या धाटणीतला.

ऑस्ट्रेलिया म्हटल्यावर पहिला माझ्या मनात आला तो डिंगो, तिथला रानकुत्रा. शिवी म्हणूनही तो चालतो, भित्र्याला आणि दगाबाजाला. पण भाचा 'र' सोडायला तयार नव्हता. "मामा, ड्रा होतं. ड्रा. पक्कं." मग उरला तो शब्द मला माहीत होता, फक्त शिवी म्हणून माहीत नव्हता. ड्राँगो म्हणजे आपला कोतवाल.

केळीच्या बागेत वाढलेल्याला कोतवाल दाखवावा लागत नाही. काळाकुळकुळीत, शेपटी दुभंगलेली, चोचीच्या कोपऱ्याशी बारीक पांढरा ठिपका. विजेच्या तारेवर, नाहीतर चरणाऱ्या म्हशीच्या पाठीवर बसलेला. म्हैस चालली की गवतातले किडे उडतात आणि हा ते हवेतच उचलतो. घरट्याच्या दिवसांत तर त्याच्या वाटेला घारसुद्धा जात नाही. गेली तर हा तिच्या पाठीवर टोचे मारत तिला शिवाराबाहेर घालवून येतो. गरीब पाखरं त्याच्या आसपास घरटी बांधतात ती याच भरवशावर. नाव ठेवणाऱ्यानं विचार करून ठेवलं आहे. इतक्या हुशार पाखराचं नाव घेऊन कोणी कोणाला शिवी का द्यावी, हे मला कळेना.

दुसऱ्या दिवशी पेपर सुटल्यावर कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन जाडजूड इंग्रजी शब्दकोश काढला. बाइंडिंग सुटलेलं, 'डी'ची पानं मात्र शाबूत. ड्राँगो: काळा, दुभंगलेल्या शेपटीचा, किडे खाणारा पक्षी. आफ्रिका, आशिया, ऑस्ट्रेलिया. नोंद संपली. माणसाचा उल्लेख नाही.

ते मी दाजींना सांगायला नको होतं असं कोणी म्हणेल, पण त्यांनी विचारलं आणि घरात लपवाछपवी मला जमत नाही. "काळं पाखरू," दाजी म्हणाले. खुर्चीतून उठले. "म्हंजे काळ्या म्हटलं त्यानं आपल्या पोऱ्याले."

ही शंका उडवून लावण्यासारखी नव्हती. काळ्या-सावळ्या माणसाला काळ्या पाखराच्या नावानं हाक मारणं जगात काही नवलाचं नाही. २००९ साली मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले होते, तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी घरांनी पोरांच्या तिकडं जाण्याला नकार दिला होता. ती भीती अजून पुरती गेलेली नाही. दाजी वकिलातीला पत्र लिहायचं म्हणू लागले, आणि ते इंग्रजीत कोण लिहिणार हे उघडच होतं.

संध्याकाळी पारावर विषय गेलाच. तिथं एका जुन्या क्रिकेटवेड्यानं २००८च्या सिडनी कसोटीची आठवण काढली, आणि माझ्या मते अख्ख्या प्रकरणात सगळ्यात कामाचं बोलणं तेच होतं. हरभजनसिंगनं सायमंड्सला 'मंकी' म्हटलं, असा ऑस्ट्रेलियाचा आरोप. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी तीन कसोटींची बंदी घातली. अपिलात न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन बसले. आपल्या बाजूचं म्हणणं असं की तो शब्द 'माँ की' होता, म्हणजे उत्तर हिंदुस्थानातल्या शिवीचं अर्धं तोंड. वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही, बंदी उठली, अपशब्दाबद्दल सामन्याच्या मानधनातून निम्मी रक्कम दंड झाली. परक्या भाषेतली शिवी कानात आपल्या भाषेचा शब्द होऊन बसली तर किती लांब जाऊ शकतं, ते तेव्हा सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं. आणि गंमत ही की शिवी शिवीच राहिली. फक्त तिची जात बदलली, आणि शिक्षा बदलली. दाजींनाही तेच हवं होतं: पोराला बोलले हे त्यांना चालणार होतं, रंगावरून बोलले असतील तर चालणार नव्हतं.

म्हणून मी पत्र लिहायचं थांबवलं आणि तिकडचे शब्दकोश धुंडाळले. इंग्लंडमध्ये छापलेल्या जुन्या कोशात ऑस्ट्रेलियातल्या बागेतलं बोलणं सापडेल ही अपेक्षाच चुकीची. आपण पुण्याच्या कोशात लेवा बोली शोधल्यावर जे होतं तेच इथं होतं. ऑस्ट्रेलियन लोकांनी आपले कोश बरेच उशिरा केले. मॅक्वारी कोश १९८१ साली आला. शब्द कधी, कुठं, कसा वापरला गेला याच्या नोंदींसकट रचलेला ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय कोश १९८८ साली, आणि त्याची वाढवलेली आवृत्ती २०१६ साली. त्याचं काम कॅनबेराच्या विद्यापीठातल्या केंद्रात झालं, आणि त्या केंद्रानं बऱ्याच शब्दांच्या कथा सर्वांसाठी वाचायला ठेवल्या आहेत. ड्राँगो तिथं भेटला. अर्थ: मूर्ख, बिनकामाचा माणूस.

आणि तो पाखरावरून थेट आलेला नाही. मध्ये एक घोडा आहे.

१९२०च्या दशकात ड्राँगो नावाचा शर्यतीचा घोडा होता. नाव बहुधा पाखरावरूनच ठेवलेलं. पाखराचं नाव मूळचं मादागास्करच्या भाषेतलं, पक्ष्यांच्या पुस्तकांतून इंग्रजीत आलेलं. हा घोडा ३७ वेळा धावला आणि एकदाही जिंकला नाही. म्हणून मठ्ठ होता असं समजू नये. १९२३च्या व्हिक्टोरिया डर्बीत तो दुसरा आला, म्हणजे देशातल्या नावाजलेल्या शर्यतीत. १९२४च्या सिडनी कपमध्ये पाचवा. अनेकदा अगदी थोडक्यात हुकला. मला तर हे वाचून एकाच वर्षी तीन वेळा यादीत येऊन अंतिम निवडीत राहून गेलेली आमची स्पर्धा परीक्षेची पोरं आठवली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जुनी वर्तमानपत्रं 'ट्रोव्ह' नावाच्या साठ्यात मोफत खुली केली आहेत. त्यात त्या काळचे शर्यतींचे रकाने उघडले की घोड्याचं नाव दिसत राहतं. मी मध्यरात्रीपर्यंत ते वाचत बसलो. कामाला त्याचा काही उपयोग नव्हता, पण हरणाऱ्या घोड्याचा लळा लागतो.

१९२५मध्ये घोडा निवृत्त झाला. मागोमाग शर्यतीचे शौकीन इतर कमनशिबी घोड्यांना ड्राँगो म्हणू लागले. मग कमनशिबी माणसांना. मग नशीब मागं पडलं आणि नुसता 'कसल्याच कामाचा नाही' एवढा अर्थ उरला. १९४०च्या दशकात, महायुद्धाच्या काळात, हवाई दलातल्या नव्या रंगरुटांना ड्राँगो म्हणायची पद्धत पडली. परेडमध्ये उलट्या पायानं वळणारी पोरं ती.

दाजींच्या शंकेचं उत्तर मला इथं मिळालं. तेव्हाचा ऑस्ट्रेलिया म्हणजे गोऱ्यांशिवाय कोणी नको असं कायद्यानं ठरवलेला देश. त्याच्या हवाई दलात भरती होणारे जवळजवळ सगळे गोरेच. गोऱ्या हवालदारांनी गोऱ्या पोरांना जी शिवी घातली, तिचा पाखराच्या काळ्या रंगाशी संबंध लावता येत नाही. रंगावरून निघालेली शिवी असती तर ती आधी मूळ रहिवाशांवर पडली असती. ही पडली घोड्यावर.

दाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "शंभर वर्सांपूर्वी नसंल रंगाचं. त्या मानसाच्या तोंडात काय होतं, ते कसं समजनार?"

निरुत्तर करणारा प्रश्न. कोशातला अर्थ आणि तोंडातला अर्थ यांत अंतर असतं हे मी पोरांना वर्षानुवर्षं सांगतो. आमच्याकडेच बघा. बह्याड, म्हणजे वेडगळ, मूर्ख, हा शब्द आजी नातवाला लाडानं म्हणते आणि भाऊबंदकीत बांधावरून तोच शब्द निघाला तर पोलीस पाटलाला बोलवावं लागतं. म्हणून मी भाच्याला काम लावलं: कान उघडे ठेव. तो माणूस हा शब्द आणखी कोणाला म्हणतो ते बघ. फक्त तुम्हा भारतीय पोरांनाच म्हणत असेल तर मला लगेच कळव, मग मी पत्र लिहितो.

बातम्या येऊ लागल्या. ट्रॉली मागं घेताना खांबाला धडकवणाऱ्या डच पोराला म्हटलं. हा पोरगा सहा फुटांच्या वर आणि उन्हानं टोमॅटो झालेला गोरा. स्वतःच्या कुत्र्याला म्हटलं, ते पाय बुडवायच्या कुंडातलं पाणी प्यायला गेलं तेव्हा. रेडिओवर बोलणाऱ्या कुठल्याशा पुढाऱ्याला म्हटलं. आणि एकदा गाडीची किल्ली आत ठेवून दार लावून बसला, तेव्हा पावसात उभं राहून स्वतःलाच म्हटलं, दोनदा. ही शेवटची बातमी ऐकून दाजींच्या कपाळावरची आठी गेली. स्वतःच्या अंगाला लावून घेता येते ती शिवी त्यांच्या हिशेबात घरगुती.

तरी एक जाणता माणूस गाठावा म्हणून भुसावळच्या एका ओळखीच्याला फोन केला. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेला, आता ब्रिस्बेनकडे ट्रक चालवतो. तो खो खो हसला. "सर, हा म्हाताऱ्यांचा शब्द आहे. इथली तरणी पोरं आता फारसा वापरतसुद्धा नाहीत. ड्राँगो म्हटलं तर समजायचं, माणूस वैतागलाय पण तुम्हाला आपलं समजतोय." मग त्यानं मला खरी भीतीची यादी दिली. गलाह म्हटलं तर चालतं. गलाह म्हणजे तिकडचा गुलाबी-राखाडी काकाकुवा, अर्थ तोच, मूर्ख. पाखरांवर त्यांचा एवढा राग का कोण जाणे. पण ब्लजर म्हटलं तर सावध व्हायचं. ब्लजर म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारा कामचुकार. कष्टाच्या कामाच्या जागी याहून वाईट नाव नाही, आणि एकदा चिकटलं की पुढच्या बागेपर्यंत जातं. "आणि सर, एखादा आवाज खाली आणून, दात आवळून 'मेट' म्हणाला ना, तर तिथून निघायचं." मेट म्हणजे मित्र. हे मला कुठल्याच कोशात सापडलं नसतं.

भाच्यानं उलट बोलावं का, हा प्रश्न त्यानंच काढला. डच पोरगा सुपरवायझरला बिनधास्त ड्राँगो म्हणतो, मग मी म्हणू का? मी नको म्हटलं. शिवी समजणं आणि शिवी वापरता येणं या दोन वेगळ्या इयत्ता आहेत. साठीतल्या माणसाला खान्देशातल्या पोरानं असं बोलू नये, हेही होतंच. तिकडं ते चालत असेल, पण याच्या जिभेला ते शोभणार नाही, ओढून-ताणून येईल. त्यानं ऐकलं का नाही ते मला माहीत नाही.

एक गोष्ट मात्र त्यानं स्वतःहून पाठवली: टलीच्या बागेतल्या तारेवर बसलेल्या पाखराचा फोटो. तिकडचा ड्राँगो. आपल्या कोतवालाहून जास्त चकाकणारा, अंगावर ठिपक्याठिपक्यांची झळाळी, डोळा लाल, शेपटीची टोकं बाहेर वळलेली. त्याच घराण्यातला. आफ्रिकेतला त्यांचा एक भाऊबंद तर नामांकित ठग आहे. कलहारीच्या वाळवंटात तो दुसऱ्या प्राण्यांच्या धोक्याच्या हाकांची हुबेहूब नक्कल करतो. मीरकॅटसारखे प्राणी घाबरून बिळात पळतात आणि हा त्यांनी टाकलेला किडा उचलतो. एका हाकेला ते फसेनासे झाले की हाक बदलतो. शास्त्रज्ञांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. या कुळाच्या नावाचा अर्थ मूर्ख व्हावा, याला सर्वस्वी तो घोडा जबाबदार. आणि तोही डर्बीत दुसरा आलेला.

आता आक्काला सांगायचं राहिलं होतं. तिला घोडा, हवाई दल, कॅनबेरा यांत रस नव्हता. ती मेथीच्या काड्या मोडत बसली होती. मी म्हटलं, "आक्का, त्यानं त्याला बह्याड म्हटलं."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

"कायच्यापायी?"

मी रेघेचं, चिखलाचं, बुरशीचं सांगितलं. त्या चिखलातून रोग आत गेला असता तर अख्खी बाग उखडून जाळावी लागली असती, असं थोडं चढवूनही सांगितलं. आक्कानं मेथी बाजूला ठेवली. "मंग बराबर म्हटलं त्या मानसानं. बह्याडच हाये तो. घरीबी चिखलाच्या पायांनी देवघरापोत येये." आणि त्याच रात्री तिनं पोराला फोन करून, सुपरवायझरनं केली नसेल एवढी कानउघाडणी केली. त्यात ड्रंक आणि गो या दोन्ही शब्दांचा हिशेब वेगळा चुकता झाला, घरादाराचा जीव टांगणीला लावल्याबद्दल.

दाजींच्या डोक्यात मात्र दुसरंच बसलं. पनामा रोगाचा हा प्रकार भारतात नाही असं नाही. बिहार आणि उत्तर प्रदेशात तो सापडलेला आहे. आमच्याकडे उत्तरेतून ट्रक येतात, बऱ्हाणपूरकडून कापणीच्या टोळ्या येतात, व्यापाऱ्याची माणसं एकाच दिवसात चार गावांच्या बागा बघतात, त्याच चपलांनी. कोणाच्या पायाला कुठली माती आहे ते कोण बघतं? दाजींनी पोराकडून कुंडाचे फोटो मागवले, मापं विचारली, आणि आपल्या बागेच्या तोंडाशी सिमेंटची उथळ कुंडी बसवली. बाजूला खराटा आणि ब्रश. जंतुनाशक कोणतं, किती पातळ करायचं आणि किती दिवसांनी बदलायचं, यावरून कृषी सहायकाशी त्यांची अजून चर्चा चालू आहे. चुलत दीर म्हणतात, रोग आला नाही आणि खर्च आला. मजूर हसतात आणि कुंडीला वळसा घालून बांधावरून आत जातात. परवा नवती, म्हणजे नव्या लागवडीची केळी, बघायला आलेला व्यापाऱ्याचा माणूस असाच बाजूनं शिरला. दाजी विहिरीपासून ओरडत आले आणि त्याची बाही धरून त्यांनी त्याला मागं ओढला. तोंडानं जे बोलले ते ठेठ आपलं होतं. त्यासाठी मला कुठलाच कोश काढावा लागला नाही, आणि ते इथं लिहिताही येणार नाही.